थांबलेल्या चाकातलं ऊन

बसा पोरांनो, जरा सरकून बसा. आज राजाराणीची गोष्ट नाही, दोन गाड्यांची आहे. पण तिच्यात घोडा आहे, ऊस आहे, एक मोठा उद्योगी माणूस आहे आणि आकाशातला सूर्यही आहे.

जानेवारीतला रविवार होता. उसाचा गळीत हंगाम ऐन भरात आलेला. बारामतीत आमच्या घरापुढं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक माझी, १९७४ची प्रीमियर पद्मिनी, सायीच्या रंगाची. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, म्हणजे आमच्या बाईसाहेब आता त्या मानाच्या पंगतीत बसल्या. दुसरी माझ्या मुलाची हायब्रीड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, टोयोटा हायरायडर. थोरल्या नातीनं दोघींना एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "आबा, यातली चांगली कुठली?"

मी म्हटलं, "उभ्या उभ्या कसं सांगू? चला, दोन्ही घेऊन वालचंदनगरला जाऊन येऊ. परत आल्यावर तुम्हीच मला सांगा."

वालचंदनगरच का, तेही ऐका. सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद दोशी नावाचा मुलगा जन्मला. मोठा झाल्यावर त्यानं रेल्वेची कंत्राटं घेतली, जहाजाची कंपनी उभारली. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर, नीरेच्या पाण्याच्या भरवशावर त्यानं ऊस लावला, साखर कारखाना काढला. त्या माळाचं गाव झालं, तेच वालचंदनगर. या माणसाला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणी, आणि १९४४ साली मुंबईत मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. पुढं इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, १९६४पासून फियाट ११०० डी इथं बनू लागली आणि १९७४मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. वालचंदशेठ १९५३ सालीच गेले, हे नाव त्यांनी ऐकलं नाही. पण वालचंदनगर आणि पद्मिनी ही एकाच बापाची लेकरं. म्हणून म्हटलं, म्हातारीला जरा भावाच्या गावी नेऊन आणू.

निघायची वेळ झाली. गारठा होता. मी पद्मिनीचा चोक ओढला, किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी इंजिन धडधडलं. पेट्रोलचा ओलसर वास अंगणभर पसरला. तिकडं माझ्या मुलानं हायब्रीडचं बटण दाबलं. आवाजच नाही. धाकटा नातू खिडकीतून ओरडला, "आबा, आमची चालूच झाली नाही!" आणि तेवढ्यात ती गाडी मांजराच्या पावलानं फाटकाबाहेर निघालीसुद्धा.

थोरली माझ्याजवळ पुढच्या सीटवर बसली होती. तिनं विचारलं, "चोक ओढला म्हणजे काय केलं?"

पद्मिनीच्या बॉनेटखाली कार्बोरेटर नावाचं एक भांडं असतं. त्याचा गळा मध्ये अरुंद केलेला असतो. कालव्याचं पाणी अरुंद मोरीतून जाताना कसं वेगानं धावतं? तशी हवा त्या गळ्यातून धावते. हवा धावली की तिथला दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर ओढलं जातं. पेट्रोलचे तुषार आणि हवा मिसळून इंजिनात जातात. त्या छिद्राला मिस्त्री जेट म्हणतात. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण घट्ट करायचं. एवढं सगळं काम निव्वळ हवेच्या दाबावर चालतं. ना त्यात वीज, ना संगणक. मला आजही ते नवल वाटतं.

पण ते मोजमाप ढोबळ. आपल्याकडं उसाला पूर्वी पाटानं पाणी सोडायचे. पाणी सगळ्या सरीतून वाहायचं, मुळाला लागेल तेवढं लागायचं, उरलेलं वाया जायचं. कार्बोरेटर म्हणजे पाटपाणी. नव्या गाडीत पेट्रोल ठिबकनं जातं. धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर प्राणवायू किती उरला ते सांगतो, छोटा संगणक हिशेब करतो आणि दर खेपेला नेमका तेवढाच फवारा सुटतो. ज्या बारामतीनं ठिबकची किंमत ओळखली, तिला हे वेगळं समजवायला नको.

भवानीनगर जवळ आलं आणि रस्ता तुंबला. छत्रपती कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मध्येच एखादा ट्रक. दहा पावलं पुढं, पुन्हा थांबा. पुन्हा दहा पावलं, पुन्हा ब्रेक. पद्मिनीचं इंजिन थांबलेल्या जागीही धडधडत होतं, पेट्रोल पीत होतं, एक पाऊल न चालता. समोर हायब्रीड उभी राहिली की तिचं इंजिन बंद. रांग सरकली की ती विजेवर सरकायची, निःशब्द. तिच्या शेजारून चाललेल्या बैलांनी कानसुद्धा हलवला नाही.

पुढं बेलवाडी लागली. मी नातीला माळ दाखवला. आषाढात तुकोबांची पालखी इथं येते तेव्हा गोल रिंगण होतं. वारकऱ्यांच्या कड्यातून अश्व सुटतो, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फेरा पुरा करतो. टापांची धूळ कपाळाला लावायला लोक धावतात. "त्या घोड्याला लक्षात ठेव," मी म्हटलं, "त्याच्याकडं परत यायचं आहे."

जंक्शन नावाच्या गावी चहाला थांबलो. उतरल्या उतरल्या मी दोघांना बोलावलं. "चाकाला हात लावू नका. नुसता तळवा जवळ धरा. आधी पद्मिनीच्या." थोरलीनं तळवा चाकाच्या मध्याशी नेला आणि झटकन मागं घेतला. "आबा, शेगडी आहे!" मग दोघं हायब्रीडकडं पळाली. तिथलं चाक जेमतेम कोमट. रस्ता तोच, रांग तीच, थांबे तेवढेच. मग एवढा फरक कशानं?

चहावाल्याच्या पातेल्यात पाणी खदखदत होतं. मी मुलांना तिथंच हिशेब घातला. पद्मिनी आणि आत बसलेली माणसं मिळून धरा ११०० किलो. ती ताशी ६० किलोमीटरनं धावत असेल तर तिच्या अंगात दीड लाख ज्यूल एवढी गतीची ऊर्जा असते. ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती दीड लाख ज्यूल कुठं गेली? ऊर्जा नाहीशी होत नसते, ती फक्त कपडे बदलते. चाकाच्या ड्रमवर ब्रेकचे पट्टे घासले आणि गतीची उष्णता झाली. थोडा वाटा वाऱ्यानं आणि टायरनं खाल्ला, बाकी सगळा त्या ड्रममध्ये. आणि दीड लाख ज्यूल म्हणजे किती? अर्धा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला लागते तेवढी. म्हणजे भरवेगातली पद्मिनी एकदा थांबवली की पाच कप चहाचं आधण वाऱ्यावर गेलं.

धाकट्यानं पातेल्याकडं पाहिलं, मग पद्मिनीकडं. "मग पप्पांच्या गाडीतला चहा कुणी प्यायला?"

याचं उत्तर मला माझ्या लहानपणी मिळालं होतं, सायकलवर. तेव्हा मळ्यातून घरी यायला कालव्याच्या कडेची वाट होती. सायकलला डायनामो होता. बाटलीसारखा दिसायचा, खटका दाबला की टायरला चिकटायचा. अंधार पडला की दिवा लावायचो, आणि लावल्याबरोबर पेडल जड व्हायचं. दिवा बंद केला की पुन्हा हलकं. मी वडलांना विचारलं. ते म्हणाले, "उजेड फुकट मिळत नाही. तुझ्या पायातलं बळ त्या दिव्यात जातंय." मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलं होतं की चुंबकाजवळ तार फिरवली की तारेत वीज उभी राहते. आणि ती वीज फिरणाऱ्याला ओढून धरते. माझं जड पेडल म्हणजे तेच.

आता बघा, हायब्रीडनं केलं काय. ब्रेक दाबला की चाकाशी जोडलेली तिची मोटर उलट कामाला लागते, डायनामो होते. चाकाला जड पेडल लागतं, म्हणून गाडी मंदावते. आणि त्या मंदावण्यातून निघालेली वीज बॅटरीत जाते. पुढं निघताना तीच वीज मोटर फिरवते. चहाचं आधण वाऱ्यावर न सांडता तिनं किटलीत झाकून ठेवलं. फार जोरात ब्रेक दाबला तर तिथंही ब्रेक घासतात आणि तापतात. आणि गतीची वीज, विजेचा साठा, साठ्याची पुन्हा गती, या प्रत्येक वेशीवर थोडी जकात द्यावीच लागते. सगळं परत येत नाही. पण बरंच येतं.

आता तो बेलवाडीचा घोडा. घोड्याच्या पायात, खुराच्या वर मागच्या बाजूला, दोरखंडासारख्या जाड कंडरा असतात. पाय जमिनीवर आदळला की शरीराचा सारा भार त्यांच्यावर येतो आणि त्या रबरासारख्या ताणल्या जातात. आदळण्याची ऊर्जा ताणात साठते. पाय उचलताना तो ताण सुटतो आणि घोडा पुढं फेकला जातो. साठलेल्यातले शंभरात सुमारे नव्वद भाग परत मिळतात! उरलेल्याची उष्णता होते. घोडा चौखूर धावताना कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत गेलेलं मोजलं गेलं आहे. पद्मिनीचा ड्रम तापतो तसंच, पण तिच्या ड्रममध्ये सगळी पुंजी जाते, घोड्याच्या पायात फक्त चिल्लर. हाच गुण आपल्या माळरानावरच्या चिंकाऱ्याच्याही पायात आहे. कडबनवाडीच्या नाहीतर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या गवतात तो उड्या घेत पळतो तेव्हा प्रत्येक उडीत मागच्या उडीची शिल्लक असते. माणसाच्या टाचेमागंही तशीच कंडरा आहे. वारकरी शेकडो किलोमीटर चालतो, त्यात तिचाही वाटा आहे. निसर्गानं ही काटकसर कोट्यवधी वर्षांपूर्वी साधली. आपल्या गाडीला ती आत्ता कुठं जमली.

थोरली म्हणाली, "म्हणजे हायब्रीडमध्ये खूप मोठी बॅटरी असणार."

नाही. तिथंच खरी मौज आहे. हायरायडरच्या बॅटरीत साठते पाऊण युनिट वीज, नेमकं सांगायचं तर ०.७६. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे ती सारी बॅटरी कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढ्या पेट्रोलच्या बरोबरीची. ती धान्याची कणगी नव्हे, हातातलं सूप आहे. आत्ता घेतलं, आत्ता दिलं. भवानीनगरच्या रांगेत ते सूप किती वेळा भरलं आणि रिकामं झालं असेल! मोठा साठा करून नव्हे, तर हाताशी आलेला प्रत्येक कण न सांडता फिरवून ती गाडी पेट्रोल वाचवते. माझी पद्मिनी लिटरला बारा-तेरा किलोमीटर जाते. मुलाच्या गाडीला रस्त्यावर बावीसच्या आसपास मिळतात, कागदावरचा आकडा तर २७.९७ आहे. आणि ती पद्मिनीहून कितीतरी जड आहे, ताकदही तिला जवळजवळ तिप्पट.

वालचंदनगरला पोहोचलो. जुनी झाडं, शांत रस्ते आणि कारखान्याच्या भिंती. इथं साखर कारखान्यांची यंत्रं घडली, मोठमोठे गिअर कापले गेले, इस्रोच्या रॉकेटांचे भागही इथून गेले. झाडाखाली गाड्या लावल्या आणि मी मातीत काडीनं गिअरचं चित्र काढलं. मध्ये एक दातेरी चाक, त्याला म्हणतात सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह. आणि सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं, त्याला आतून दाते. हायब्रीडमध्ये सूर्याला एक जनरेटर जोडतात, ग्रहांच्या चौकटीला इंजिन आणि कड्याला मोटर व चाकं. इंजिननं जोर लावला की तो आपोआप दोन वाटांना फुटतो. एक वाट चाकाकडं, एक जनरेटरकडं. कुणी किती फिरायचं हे बदललं की गाडीचा वेग बदलतो. म्हणून तिला क्लच नाही, गिअर टाकणं नाही. पद्मिनीला स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा आहे, चार गिअर, आणि प्रत्येक गिअर माझ्या डाव्या हाताला तोंडपाठ. तिथं निर्णय माझा हात घेतो, इथं ही छोटी सूर्यमाला घेते.

परतताना मुलांनी गाड्या बदलल्या. धाकटा माझ्याकडं आला. कारखान्याच्या गव्हाणीकडं बोट दाखवून मी त्याला आणखी एक गुपित सांगितलं. रसवंतीवाला ऊस एकदा चरकातून काढतो, चिपाड दुमडतो, पुन्हा घालतो. का? कारण पहिल्या खेपेला रस उरतो. साखर कारखान्यात तर ऊस एकामागं एक अशा कितीतरी चरकांतून जातो, वर गरम पाणी मारतात, आणि उरलेल्या भुश्शावर बॉयलर पेटवून वीज करतात. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे एकदाच पिळणारा चरक. ओढ, दाब, भडका आणि फेक, या चार पावलांत पेट्रोलच्या शंभर भागांतले वीस-पंचवीस गतीच्या कामी येतात. भडक्यातला पुष्कळ जोर धुराबरोबर गरमागरम बाहेर जातो. एकोणिसाव्या शतकात जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्यानं विचार केला, भडक्यानंतर पसरायला जास्त जागा दिली तर? हायब्रीडच्या १४९० सीसीच्या इंजिनात तीच युक्ती आहे. दाबताना हवेचा दरवाजा जरा उशिरा लावतात, म्हणजे दाबणं थोडं आणि पसरणं जास्त. चिपाड पुरतं पिळूनच बाहेर जातं. चांगल्या चालीत असेल तर शंभरातले चाळीसच्या आसपास हाती येतात. असं इंजिन सावकाश उचलतं, जागेवरून जोर लावायला जरा कमी पडतं. पण तिथं मोटर खांदा देते. एकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढायचं, असा हा संसार आहे.

"मग पूर्वी का नाही केलं?" धाकट्यानं विचारलं.

केलं होतं की. फर्डिनांड पोर्शे या तरुणानं १९००च्या सुमारास व्हिएन्नात पेट्रोलचं इंजिन आणि विजेच्या मोटरी एकाच गाडीत बसवल्या. नाव ठेवलं सेंपर व्हिवस, म्हणजे सदा जिवंत. पण तेव्हाच्या बॅटऱ्या शिशाच्या, मणामणाच्या. आणि क्षणाक्षणाला इकडची वीज तिकडं करणारी यंत्रणा कुठून आणायची? टोयोटाची प्रियस विकायला यायला १९९७चा डिसेंबर उजाडला. कल्पना पद्मिनीहूनही म्हातारी आहे, पोरा. तिला हातपाय फुटायला शंभर वर्षं लागली.

म्हणून मी पद्मिनीला उधळी म्हणू देत नाही. तिच्या घडवणाऱ्यांच्या हाताशी जे होतं, त्यातून त्यांनी माणसाला परवडेल, खेड्यातल्या मिस्त्रीला उमजेल अशी गाडी केली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अर्धं शतक राबली, २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची उतरली. तिचं बॉनेट उघडलं की हवा कुठून जाते, ठिणगी कुठं पडते, सगळं डोळ्यांनी दिसतं. मला यंत्र कळलं ते तिच्यामुळं. आणि जे कळलं, त्यामुळंच तर हायब्रीडचं कौतुक करता येतं.

वाटेत पेट्रोल भरलं. दोन्ही गाड्यांना एकाच नळीतून. मी दोघांना म्हटलं, आता शेवटची गोष्ट. हे पेट्रोल म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात सूक्ष्म जीव तरंगत होते. त्यांनी ऊन अंगात धरलं, मेले, चिखलात गाडले गेले, दाबले गेले, शिजले. त्यांचं खनिज तेल झालं. आणि आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या मळीपासून, रसापासून, धान्यापासून केलेलं. उसाचं पान ऊन धरण्यात मोठं पटाईत. म्हणजे टाकीत पुरातन ऊन आहे आणि त्यात गेल्या हंगामातलं ऊन मिसळलेलं आहे, कदाचित याच शिवारातलं. या नव्या मिश्रणानं जुनं रबर खराब होऊ शकतं, म्हणून म्हातारीच्या नळ्या मी बदलून घेतल्या. ऊन नवं आलं तर भांडंही तसं हवं.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. इंजिन बंद केलं. थंड होत जाणाऱ्या लोखंडाची टिक टिक ऐकू येऊ लागली. मी धाकट्याला विचारलं, "सांग आता, चांगली कुठली?"

तो काही बोलला नाही. पद्मिनीच्या पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला आणि तळवा जवळ धरला. थोरलीही त्याच्याशेजारी बसली. गारवा सुटला होता, त्यामुळं ती ऊब त्यांना आता बरी वाटत होती.

"आबा," त्यानं हळूच विचारलं, "हे किती वर्षांपूर्वीचं ऊन आहे?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. थोडं गेल्या साली उसावर पडलेलं."

त्यानं दुसराही तळवा पुढं केला. ड्रम निवेपर्यंत दोघं तिथून उठली नाहीत.